अस्वलासाठी बांधलेली घंटा

२ सप्टेंबर
माझं आयुष्य बदललं ते काल, डार्सीच्या घरी जेवताना, "बीफ मस्त झालंय" म्हणालो त्या क्षणी. ते एल्क होतं. घोड्याएवढं हरीण, तिच्या वडिलांनी, मिस्टर टॉलमननी, मारून, तुकडे करून डोंगरावरून पाठीवर वाहून आणलेलं. सगळ्यांचे काटे-चमचे थांबले. मिस्टर टॉलमन म्हणाले, कॉलेजात हे शिकवत नसतील. कॉलेज मी मार्चमध्येच सोडलंय, हे त्यांना माहीत आहे. डार्सी हसली. हसायला नको होतं.
ठरलं. या शिकारीच्या सीझनला एल्क मी मारणार. त्यांचा फ्रीझर मी भरणार. मग डार्सीला लग्नाचं विचारणार.

३ सप्टेंबर
मिस्टर टॉलमन म्हणाले, ये माझ्याबरोबर, शिकवतो. म्हटलं, माझं मी शिकेन. ते म्हणाले, शीक पोरा, डोंगर काय फी घेत नाही, लगेच तरी नाही.

१० सप्टेंबर
परवाना आला. बंदूक मामाची. डब्यावर नेम धरून सराव. खांदा काळानिळा, डबा शाबूत. वारा होता.

१४ सप्टेंबर
दुकानात एक म्हातारा सहज म्हणाला, अस्वलं हल्ली गोळीच्या आवाजाला पळत नाहीत, उलट येतात. गोळी वाजली म्हणजे पान वाढलं, हे त्यांना कळलंय. सहज बोलायची गोष्ट आहे ही? अस्वलाच्या तोंडावर मारायचे स्प्रे घेतले, दोन्ही खिशांसाठी. शिवाय बॅगेला बांधायला घंटा. ती ऐकून अस्वल वाट सोडतं म्हणे.
घाबरलेलो नाही. याला तयारी म्हणतात.

२० सप्टेंबर
सीझनचा पहिला दिवस. घंटा अखंड वाजत होती, त्यामुळे एकही अस्वल नाही. एल्कही नाही. यंदा कमीच दिसतात.
वाटेत अस्वलाची विष्ठा. वाफ येत होती. मोठ्याने गाणी म्हणत खाली आलो.

२२ सप्टेंबर
माजावरच्या एल्क नराची साद काढायची नळी मिळते, ती आणली. घरी फुंकली तर आईने विचारलं, पोटात दुखतंय का. पण आज दरीत फुंकली आणि पलीकडून उत्तर आलं! जाड, चिडका आवाज. मी डिवचलं की तो दुप्पट डिवचायचा.
डार्सीला सांगितलं. ती म्हणाली, बाबांनाही एक नर सापडलाय. घसा बसलेला, बावळट, पण हटत नाही. कुठे ते तिने सांगितलं नाही, मीही नाही. आमच्याकडे माणूस पगार सांगेल, एल्कची जागा सांगणार नाही.

२३ सप्टेंबर
उद्या निकाल. कायद्याने नारिंगी जॅकेट लागतं, पण एवढा भडक रंग बघून कोण जवळ येईल? मामाचं तपकिरी घालतो. घंटाही काढणार होतो. नाही काढली. अस्वल.

२४ सप्टेंबर
नीट लिहिता येत नाहीये.
साद घातली. उत्तर अगदी जवळून. मग फांदी मोडली. मला वाटलं, अस्वल. स्प्रे कुठल्या खिशात ते आठवेना. मी खाली बसलो, घंटा वाजली.
झाडीतून माणसाचा आवाज आला, अरे देवा.
मिस्टर टॉलमन. गळ्यात माझ्यासारखीच नळी. बंदूक गवतात ठेवली आणि पलीकडे वळून ओकले. मग म्हणाले, बोट चापावर होतं. तपकिरी काहीतरी हललं. एल्कला घंटा नसते, एवढंच डोक्यात आलं.

२६ सप्टेंबर
डार्सीने जेवायला बोलावलं. विचारायचं आजच, असं ठरवून गेलो. ताट पुढे ठेवत ती म्हणाली, चिकन आहे, आधीच सांगते. बाबांनी यंदा शिकार सोडलीये. पुढच्या वर्षीही ते बंदूक धरतील असं वाटत नाही. त्यांना झोप लागत नाही. आणि मला तुझ्याकडे बघवत नाही.
मी म्हणालो, पुढच्या वर्षी फ्रीझर मी भरतो. मिस्टर टॉलमननी माझ्या बॅगेची घंटा सोडली. म्हणाले, ही इथे राहू दे. दाराच्या आतल्या मुठीला बांधली.
न विचारताच उठलो. दार दाणकन आपटायचं मनात होतं. बाहेर पडून हळूच लावलं. तरी वाजली.