फाटक्या खिशातला चेंडू

प्रिय धाकट्या,

हे फोनवर बोलता आलं असतं, पण आई फोन स्पीकरवर टाकते आणि मग निम्मी गल्ली ऐकते. म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा कागद घेतला. सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे. तू दर खेपेला एकच विचारतोस, दादा, माझी जागा झाली का? झाली. कालच झाली. पण कशी झाली ते आधी वाच, उड्या नंतर मार.

तू गॅरेजात सगळ्यांना सांगतोस की दादा गोल्फच्या मैदानावर साहेब आहे. कसला साहेब! मी कॅडी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे मैलोन् मैल चालणारा गडी. मैदान समुद्राला लागून, वाळूवर वाढलेलं राठ गवत, सावलीला एक झाड नाही, आणि वारा असा की बोललेला शब्द परत तोंडात येतो. आपण गोट्यांसाठी गल खणायचो ना, तसली गल, पण अठरा, आणि एकीपासून दुसरीपर्यंत चालून जीव जातो. मधे काटेरी झुडपं. चेंडू त्यात गेला की तीन मिनिटं शोधायचा, नाही सापडला तर हरवला आणि खेळणाऱ्याला दंडाचा फटका.

गेल्या रविवारी चार मित्र सुट्टीवर आले. कधी खेळ, कधी प्रेक्षणीय स्थळं, आणि दोन्हीकडे सामान वाहायला मी. पितळेचा एक चषक आहे त्यांचा, त्यासाठी पंधरा वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेत. मी ज्याची पिशवी वाहतो तो दातांचा डॉक्टर. चेंडूखाली ठेवायची लाकडी खुंटी असते, तिनं हा दात कोरतो आणि तीच माझ्या हातात देतो. चेंडूवर थुंकतो आणि पुसायला पुढे करतो. दुसरा ढेरपोट्या. जुना किल्ला बघायला गेलो तर तीनशे पायऱ्या बघून खाली बसला, फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाला, वर जाऊन फोटो काढून आण. मी आणले. संध्याकाळी फोनवर बायकोला ते फोटो दाखवून दम कसा लागला ते सांगत होता. तिसऱ्या दिवशी चारशे वर्षांच्या जुन्या दफनभूमीत नेलं, तर एका थडग्यावर चेंडू ठेवून छत्रीनं टोलवायला लागले. तिथली राखणदार बाई माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. परतताना गाडीत एकजण ओकला. ते मी पुसलं. अजून हाताला वास येतो असं वाटतं, साबण संपत आला.

पण धाकट्या, हे सगळं मी रंगवून सांगतोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

पहिल्याच दिवशी डॉक्टरनं मला बाजूला घेऊन एक जादा चेंडू दिला. त्याच्या सगळ्या चेंडूंवर तो लाल पेनानं ठिपका काढतो, ह्याच्यावरही होता. म्हणाला, पँटच्या खिशाला आतून भोक पाड. चेंडू झुडपात गेला की तू आपलं शोधल्यासारखं करत फिरायचं, आणि बऱ्याशा जागी उभं राहून खिशातला चेंडू पायावरून खाली सोडायचा. मग ओरडायचं, सापडला. मी खोलीवर जाऊन नखं कापायच्या कात्रीनं खिसा फाडला. तीनदा चेंडू सोडला, कुणाला पत्ता नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. वाटलं, आपणही काही कमी नाही.

परवा चौथ्यांदा सोडला. त्या दिवशी ढेरपोट्याची पिशवी काकांकडे होती. काका म्हणजे इथला सगळ्यात जुना कॅडी, सव्वीस वर्षं पिशव्या वाहतायत. बाकीचे त्यांना म्हातारा म्हणतात. आलो तेव्हा मला वाऱ्याचा अंदाज त्यांनी शिकवला, स्वतःचा रेनकोट दिला. मी सापडला म्हणून ओरडलो आणि त्याच क्षणी काका झुडपातून हात ओरबाडून घेत बाहेर आले. त्यांच्याही तळहातावर चेंडू. लाल ठिपक्याचा.

डॉक्टरची पापणी लवली नाही. म्हणाला, ह्या म्हाताऱ्यानं माझ्या पिशवीतला चेंडू चोरून झुडपात टाकला, मला लबाड ठरवून आपला माणूस जिंकावा म्हणून. प्रकरण मॅनेजरच्या खोलीत गेलं. मॅनेजरनं मला विचारलं, पिशवी तुझ्याकडे असते, चेंडू कमी झाला होता का? काका माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. हो म्हणून. एवढंच केलं. काकांनी अंगावरचा कॅडीचा पांढरा अंगरखा काढला, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि गेले. डॉक्टरनं जिन्यात माझ्या गालाला चिमटा काढला. लहान पोराला काढतात तसा.

काल सकाळी मॅनेजर म्हणाला, एक माणूस कमी पडलाय, तुझा भाऊ धट्टाकट्टा आहे ना? दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. मी लगेच तुझं नाव, पत्ता, सगळं लिहून दिलं. संध्याकाळी काकांकडे गेलो. लाँड्रीच्या वर एक खोली, खिडकी कायम वाफेनं ओली. काकूंनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. काका शिव्या देतील, मारतील, तर बरं, असं मनाशी धरून गेलो होतो. त्यांनी सुईदोरा पुढे ठेवला. म्हणाले, "आधी तो खिसा शिवून टाक. एकदा सोय झाली की सोडवत नाही रे."

म्हणजे खिशाचं त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि मॅनेजरसमोर ते बोलले नाहीत. त्या चौघांची शिसारी तर होतीच, पण काल रात्रीपासून भाकरतुकडा गिळवत नाही तो त्यांच्यामुळे नाही.

तर पत्र अशासाठी. ऑफिसचं बोलावणं तुला येईल. ते फाड, आणि येऊ नकोस. ती जागा रिकामी झालेली नाही, मी रिकामी केली. उद्या सकाळी चौघे शेवटचा डाव खेळायला जमतील, तेव्हा मॅनेजरला बोलावून चौघांसमोर सगळं सांगणार आहे. काकांना परत घेतील की नाही कोण जाणे, मला मात्र नक्की काढतील. माझ्यावर चिडशील तर चीड, तुझा हक्क आहे. आईनं विचारलं तर सांग, दादानं जागा बघितली, पण तिथे माणूस आहे. हे आज खोटं आहे. उद्या दुपारपर्यंत ते खरं करता येतं का, बघतो.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला
दादा