कंट्रोलची ओळ

मी, रामचंद्र हरी चुरी, वय चौऱ्याहत्तर, राहणार उमेळे, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गोंधळ आहे तो सोनचाफ्याबद्दल, आणि त्यासाठी दाखला मिळत नाही.

१. राहते घर मुलगी सीमा हिला. तिने विकले तरी मी कुठून हरकत घेणार? मागचा दरवाजा पावसात फुगतो, एवढे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे सहायक होतो. तिथून मोडीत काढलेला मायक्रोस्कोप आणि माझा कलमे बांधायचा चाकू नात ओवीला. तिने उत्तर आधी ठरवून मग मोजायला बसू नये. मी तसाच बसलो होतो.

३. वाडीतला माझा वाटा धाकटा भाऊ शत्रुघ्न याला. कारण कळल्याशिवाय सीमाला पटणार नाही, म्हणून लिहितो. एकोणीस वर्षांपूर्वी मी एकाच सोनचाफ्याची चोवीस कलमे केली. माती तीच, ऊन तेच, पाणी मोजून. एका ओळीला मी बनवलेले खत, दुसरीला नुसते पाणी. त्या दुसऱ्या ओळीला, ती फक्त तुलनेपुरती म्हणून, प्रयोगशाळेच्या भाषेत मी पाटी लावली, 'कंट्रोल'. कॉलेजचे सर बघायला आले, तर खताची ओळ मरगळलेली आणि नुसत्या पाण्याची फुलांनी लगडलेली! शत्रुघ्न माझ्या खताची थट्टा करायचा. सरांच्या देखत मी त्याला लबाड म्हणालो, पाण्याच्या ओळीला चोरून खत घातलेस म्हणालो. "दादा, मी हात नाय लावला," एवढेच तो बोलला. मी ऐकले नाही. तेव्हापासून वाडीत कुंपण आहे आणि बोलणे बंद.

पत्नी सावित्रीलाही मी तेव्हा विचारले होते, खत कोणी घातले? ती म्हणाली, ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या आजारपणात ओवीला मी ही हकीकत सांगत होतो, तर सावित्री अंथरुणातून म्हणाली, "लहानपनी आमी कंट्रोलचा तांदूळ खाल्लाय, रेशनचा. खड्यांचा, वासाचा. पाटी वाचली नि वाटलं, या बिचाऱ्यांनापन कंट्रोलचंच? मग बोंबील धुतलेलं पानी घालायचे मी रोज."

"तेव्हा का नाही सांगितलंस?" मी ओरडलो.

"तुमी खत इचारलंत. मी पानी घालत होते."

४. ती गेल्यावर मी बारा नवी कलमे करून तेच पाणी घातले. पाच फुलली, चार ढिम्म, तीन वाळली. बोंबील त्याच कोळणीकडचे, बादली तीच. आता मला काहीच कळेनासे झाले आहे. धुवणाने फुलली की आणखी कशाने? आणि सावित्रीने पाणी घातले म्हणून शत्रुघ्नने काही घातले नाही, हेही सिद्ध होत नाही. तरी लिहून देतो, की त्याने हात लावला नव्हता. याला पुरावा मागू नये. हे त्याला तोंडाने सांगायला दोन वर्षे कुंपणापर्यंत जाऊन परत येतो आहे. मला लाज वाटते.

५. आज सहीला शेजारी रिचर्ड लोपीस आले, दुसरा साक्षीदार आला नाही. रिचर्डने मला न विचारता कुंपणावरून शत्रुघ्नला हाक मारली. शत्रुघ्नने येऊन उभ्यानेच सगळे वाचले. मला वाटले, कागद फाडेल, नाहीतर रडेल. तो म्हणाला, "पेन दे. मी करतो सही."

ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. ते मी सांगितले.

"मग वाडी खोड. साक्ष घे माझी. तेव्हा नाय घेतलीस."

म्हणून तिसऱ्या कलमातले पहिले वाक्य रद्द समजावे. वाडी सीमाला.

ठिकाण: उमेळे. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार: रामचंद्र हरी चुरी (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. रिचर्ड लोपीस, शेजारी (सही)
२. शत्रुघ्न हरी चुरी, सख्खा भाऊ (सही). माझ्याबद्दल लिहिलेले वाचले. खरे आहे.