काळी तीनची जागा

बाबा, तुमची पेटी दुरुस्त झाली. भावानं नागपूरला नेली, भाता बदलला, आणि इतकी वर्षं मुकी असलेली काळी तीनची पट्टी आता वाजते. त्यानं मोठ्या हौसेनं पेटी माझ्यापुढं ठेवली. मी पट्टी दाबली, सूर आला, मी "छान झालं" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुम्ही गेलात तेव्हापासून हे असंच आहे. पायाला मुंग्या आल्या की चालता येतं पण जमीन लागत नाही, तसं. तुम्हाला नेलं त्या आठवड्यातही मी चंद्रपूरला एका कार्यक्रमाचं निवेदन केलं, लोकांना हसवलं, आणि शेवटच्या बसनं घरी आले.

काम मात्र जोरात आहे. गाते. कादंबऱ्या लिहिते, तिसरी नुकतीच आली. टीव्हीवर लोकांना बोलतं करायचा कार्यक्रम करते. बाजारात बाया हात धरून थांबवतात. मुलाखत घ्यायला येणारे विचारतात, तुम्ही नेमक्या कोण, गायिका, लेखिका की निवेदिका? आईचा हिशेब सरळ आहे: "एक काम धड नाई करत हे पोट्टी." मग मी तुमचं वाक्य फेकते, "एका हातानं भाता, एका हातानं सूर, तोंडानं गाणं. पेटीवाल्याले एक काम पुरते काय?" स्टेजवर या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. तुमच्या जिवावर टाळ्या घेते आणि घरी येऊन वरणभात खाऊन झोपते.

ती आरमोरीकडची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा, आठवते. धान कापणीला आलेलं. तुम्ही वडशाच्या नाटक कंपनीत पेटीवर, आणि नाटकाआधी दुपारी मला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलेलं. गाणं तुम्हीच माझ्यासाठी बसवलेलं, माझ्या काळी चारच्या सुरात. त्यात एका जागी काळी तीन लागायची आणि ती तर दाबली की नुसती फुस्स. कंपनीतले सगळे हसायचे, "काळी तीन सुट्टीवर गेली." दुरुस्ती दर वर्षी सीझन संपल्यावर होणार असायची. तुम्ही मला शिकवलं होतं, तिथं आलं की गळाही थांबव, दम घे, मग पुढं जा. त्या दिवशी समोर एवढी माणसं बघून मी घाबरले आणि न थांबता धावत सुटले. तबला कुठं, मी कुठं! तुम्ही स्टेजवरून उतरल्यावर सगळ्यांदेखत बोललात, "सूर नाई तं नाई, जागा तं सोड त्याची." मी मंडईतल्या जिलेबीलाही हात लावला नाही. तुम्ही समजूत काढायला आला नाहीत. पुडा माझ्या मांडीवर ठेवून पेटी बांधायला गेलात.

तेव्हापासून मी थांबते. माझ्या गाण्यातल्या त्या थांबण्याबद्दल लोकांनी लेख लिहिले. येत्या रविवारी गडचिरोलीत झाडीपट्टीच्या नाटकांतल्या जुन्या वादकांसाठी कार्यक्रम आहे. निवेदन माझं, आणि तुमचं तेच गाणंही मीच म्हणायचं. आई म्हणाली, "तुह्या बापानं हे चाल बांधली तवा पेटी चांगली होती. सूर होता त्यात. मंग पेटी बिघडली अन् गाणं लंगडं झालं. मी जावाच्या आधी एकदा पुरं ऐकव मले." तिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही, बाबा. आणि हे मला जमत नाही. पट्टीवर बोट ठेवते, पेटी बोलते, आणि गळा मात्र तिथं आला की बंद.

आज सकाळी पुन्हा बसले. आई चुलीपाशी लाखोळीची भाजी निवडत होती. मी गात गात त्या जागेवर आले, आणि थांबलेच. तेवढ्यात मागून सूर आला. बारीक, थरथरता, पण अगदी नेमका. आईनं मान वर केली नव्हती, हात भाजीतच होते.

"तुला कसं येतं हे?"

"त्याच्यात येवाचं काय? तुमी दोघं बापलेक थांबत होते, मी इथी बसून मनातल्या मनात लावत होती. गाणं असं अर्धं सोडतेत काय कोनी?"

"इतकी वर्षं?"

"मंग काय, वर्षं मोजत बसू काय? म्हण पुढं."

मी म्हटलं, पुढची ओळ आठवत नाही, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. ती हसली, "बापा बापा, टीव्हीवरची बाई अन् ओळ विसरते!" मी त्या जागेवर आले, थांबले. तिनं पुन्हा सूर लावला. डोळे कोरडेच होते माझे, खोटं कशाला सांगू.

रविवारसाठी मी पहिल्या रांगेत, आईच्या खुर्चीपाशी एक माईक लावायला सांगितला आहे. कशाला ते तिला सांगितलेलं नाही, नाहीतर ती येणारच नाही. हे लिहिलेलंही तिच्या हाती पडायला नको, म्हणून आता चुलीत घालते. एकच राहिलं. ती ओळ मी विसरले नव्हते, बाबा. तो सूर मला परत ऐकायचा होता.