देवगडहून लातूरला, एकटी

७ डिसेंबर, रविवार. नांदेड
थंडीनं पार गारठून गेलोत. पल्लवीचा हैदराबादहून फोन, "मम्मी, पंचवीस वर्षं झाली लग्नाला, जरा ऊन खाऊन या दोघं." लेकीनं देवगडला समुद्राकाठी खोली घेऊनही टाकली, आम्हाला न विचारता. हे म्हणे, "समुद्रात काय बघायचंय? पाणीच हाय ना?" पाटबंधारे खात्यात सगळी हयात गेली, पाण्याचं कौतुक उरलं नाही.
सासूबाईंना वन्संकडे सोडून आले. निघताना म्हणाल्या, "जाऊन ये बाई, माझं काय." त्या "माझं काय"चा अर्थ मला चांगला कळतो.
लातूरच्या शाळेचं अजून काही नाही. तिथले मुख्याध्यापक निवृत्त होतायत, सेवाज्येष्ठतेत पुढचं नाव माझं. आमच्या संस्थेचे सचिव बिरादार सर दिवाळीत म्हणाले होते, "म्याडम, तयारीत राहा." त्यानंतर चिडीचूप. आपण होऊन विचारायची लाज वाटते.

८ डिसें. कोल्हापूर, मुक्काम लॉजवर
दिवसभर गाडी. संभाषण एकच. काच लाव, काच उघड. लातूरमधून जाताना म्हटलं, शाळेच्या रस्त्यानं घ्या, नुसती बाहेरून बघू. "उशीर होऊन राहिलाय." मग औशाला चहाला बसले ते उठेनात. तिथं उशीर झाला नाही.

९ डिसें. देवगड
इथं चक्क उकडतंय. हे कानटोपी घालून वाळूत उभे. पोरं हसत होती. मी स्वेटर काढला तर, "सर्दी झाली तर मला सांगू नको." म्हटलं, नाही सांगत.
घरमालकीणबाई भल्या आहेत. गरम सुरमई, तांदळाची भाकरी. यांनी त्यांच्या तोंडावर, "ज्वारीची न्हाई का हो? ही तर कागदासारखी लागून राहिली." बाईंचं तोंड उतरलं. मी मुद्दाम एक जास्त खाल्ली.
संध्याकाळी पाण्यात पाय घातले. छान वाटलं. एकटीलाच.

१० डिसें. लग्नाचा वाढदिवस
मालकीणबाईंनी केक आणलेला. तेवढ्यात आमच्या शाळेतल्या शाहीनचा फोन. "म्याडम, मुबारक हो! पण लातूर का सोडलं? तुम्हीच नको म्हणालात म्हणे, घरून फोन आला होता. गायकवाड सरांचं नाव चालून राहिलंय."
मी कधी नको म्हटलं?
हे केक खात होते. विचारलं, "तुम्ही बिरादार सरांना फोन केला होता?"
"हाव." मान वर नाही. "तब्येत बरी नसते म्हणलो. खोटं हाय का? गुडघे दुखतात ना तुझे?"
"मला विचारलं?"
"विचारायचं काय त्यात? मार्चला मी रिटायर होऊन राहिलो. आई नांदेडला. तू लातूरला म्याडमगिरी करणार, अन् मी काय डबा लावू?"
यांची बदली हिमायतनगर. मग उमरी. मग परत हिमायतनगर. कॅनॉलवर ड्यूटी म्हणून शनिवारी यायचे, रविवारी धुतलेले कपडे घेऊन जायचे. सासऱ्यांचा अर्धांगवायू, पल्लवीची दहावी, सगळं नांदेडात मी एकटीनं. तेव्हा मी कुणाच्या साहेबाला फोन केला होता का? हे सगळं बोलले. ओरडून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा परक्याच्या घरी.
हे म्हणाले, "लई शहाणी झालीस."
उरलेला केक बाईंनी गुपचूप उचलून नेला.

११ डिसें.
सकाळी ओसरीतून स्वतःच बिरादार सरांना फोन केला. "सर, मी नकार दिलेला नाही." ते म्हणाले, "पण तुमच्या मिस्टरांनीच..." म्हटलं, "सर, संस्थेत नोकरी मी करते. मिस्टर नाहीत." तेव्हा म्हणाले, "शनिवारी दुपारी बैठक आहे. समोर येऊन सांगा."
यांना म्हटलं, उद्या पहाटे निघू.
"खोली रविवारपर्यंत हाय. मी गाडी हलवणार न्हाई."
चावी खिशात घालून फिरायला गेले. रात्री जेवताना दोघांनी आपापलं मीठ उठून घेतलं.

१३ डिसें., शनि. लातूर, सुलभाकडे
काल लिहायला त्राण नव्हतं.
काल पहाटे हातपिशवी घेऊन निघाले. मोठी बॅग तिथंच. स्टँडच्या रस्त्यावर मागून आपली गाडी. काच खाली करून, शेजारून हळूहळू चालवत, "तमाशा करू नको. बस गाडीत."
"लातूरला नेता?"
"नांदेडला."
चढले एसटीत. घाटात उलटी झाली. कोल्हापूरला गाडी बदलली. रडू येईल वाटलं होतं, नाही आलं. नुसता राग, झोपेतसुद्धा. रात्री मामेबहिणीच्या, सुलभाच्या, दारात पोचले तेव्हा दात वाजत होते.
आज बैठक. एक सभासद म्हणाले, "घरची परवानगी आहे ना, म्याडम?" म्हटलं, "गायकवाड सरांना विचारलंत का, बायकोची परवानगी आहे का म्हणून?" कुणी हसलं नाही. बिरादार सरांनी चष्मा पुसला.
मिळालं. सोमवारपासून चार्ज घ्यायचा. बाहेर येऊन रस्त्यावरच उभी राहिले. सांगायचं कुणाला? पल्लवीला फोन केला. ती म्हणे, "पप्पा बरे आहेत का?" फोन ठेवून दिला.

१४ डिसें., रवि.
हे आले, माझी बॅग घेऊन. सुलभानं चहा दिला, तिच्यासमोर "कसं काय" वगैरे गोड. ती आत गेली तसे म्हणाले, "आईला काय सांगू?"
"खरं सांगा."
"बायको पळून गेली म्हणून?"
"बायको मुख्याध्यापिका झाली म्हणून."
कप खाली ठेवला. मग एकदम, "घरात एकटा माणूस दिवसभर काय करतो, सांग बरं."
मला काहीतरी वाटलं. पण तोंडातून गेलं, "भांडी घासतो."
उठले. चपला घालताना हात भिंतीला धरला. कंबर धरली असणार, एवढी गाडी चालवून. मी पुढे झाले नाही. "चालवाल ना नीट?" एवढंही विचारलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीत मात्र उभी होते.

१५ डिसें., सोम.
पहिला दिवस. शिपायानं खुर्ची पुसली. जुन्या सरांनी किल्ल्या दिल्या. आवाज नीट निघाला माझा प्रार्थनेला.
यांचा फोन नाही. मीही केला नाही. वन्संचा आला, उचलला नाही.
संध्याकाळी शाळेमागे खोली बघायला गेले. घरमालक म्हातारे, कानाला मफलर. जिना चढता चढता विचारलं, "म्याडम, एकट्याच राहणार, का फॅमिली?"
म्हटलं, "आधी खोली तर दाखवा."