चिपवरचं कुंकू

लालबाग,
१८ ऑक्टोबर १९८९

चि. नलूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी मी देवाला फूल न वाहताच घराबाहेर पडलो. तुझ्या आईने दारापर्यंत येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. बरं होतं. डोक्यात राग होता, आणि तसल्या हातांनी फूल वाहू नये असं वाटलं.

कारण परवाचं. इचलकरंजीचं गिऱ्हाईक येणार म्हणून आमच्या मालकांनी, अण्णांनी, वडाळ्याच्या कारखान्यात सुताच्या यंत्राची तालीम घेतली. सूत तुटलं की यंत्र थांबवायचं, एवढंच त्यावर बसवलेल्या आपल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं काम. दसऱ्यापर्यंत तो ते चोख करत होता. परवा मी स्वतः सूत तोडलं, तरी यंत्र आपलं फिरतच राहिलं. वायरी तपासल्या, सोल्डर तपासलं, सगळं जागच्या जागी. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले की पोरीनं पुण्यात कॉलेजच्या संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम वडाळ्याच्या बोर्डावर कसा चालायचा. स्वयंपाक एका घरी आणि पंगत दुसऱ्या घरी. माझ्या हाताखालचा लवू फिदीफिदी हसला. मग अण्णांनी ऐकवलं की संगणक आणि चिप भरायचं यंत्र आता वडाळ्यातच आणू, पण त्यावर नलूला बसवायचं की आणखी कोणाला, ते बघावं लागेल.

तू त्या जागेवर येणार म्हणून तुझ्या आईने पोटमाळा रिकामा करून ठेवलाय. तेव्हा खरं काय ते सांग. घाई केलीस का? चूक असेल तर ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पाळी माझ्यावर आणू नकोस. चिप सोबत पाठवतो आहे. गिऱ्हाईक सव्वीसला येईल.

जेवणखाण वेळेवर कर. बापाचा राग वाचलास, तशी मायाही वाच.

तुझा,
बाबा

पुणे,
२० ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. अजून चिडलेलीच आहे, अक्षरावरून कळेल. घाई केलीस का, हे अण्णांनी विचारलं असतं तर चाललं असतं. तुम्ही विचारायला नको होतं.

बोर्डाला पडदा नाही, टाइप करायला कळा नाहीत. त्याचा प्रोग्रॅम मोठ्या संगणकावर बसून त्या बोर्डाला कळेल अशा भाषेत तयार करायचा, चिपमध्ये भरायचा आणि चिप बोर्डात बसवायची. सगळीकडे हे असंच करतात. स्वयंपाक दुसऱ्याच घरी होतो, अण्णांना सांगा. आणि गणपतीपासून त्याच पंगतीत हेच वाढलेलं सगळे जेवत होते ना?

चिप लॅबमध्ये वाचून बघितली. प्रोग्रॅम चुकलेला नाही. प्रोग्रॅमच नाही. चिप कोरी आहे, बाबा. तिच्या पाठीवर बारीकशी काचेची खिडकी असते. तिच्यातून आठवडाभर ऊन आत गेलं की लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून मी वर चांदीचा कागद चिकटवते. तो कुठे गेला? आणि काचेच्या कडेला लाल काय लागलंय?

तोच प्रोग्रॅम भरून नवी चिप पाठवते. कागदावर या वेळी माझं नाव घातलंय. आईला नमस्कार. रागावले तरी तुमचीच आहे, तेवढा जीव लावून असा.

तुमची,
नलू

लालबाग,
२२ ऑक्टोबर

चि. नलूस आशीर्वाद. वि. वि.

लाल म्हणजे कुंकू.

खंडेनवमीला पक्कड, सोल्डरगन, मीटर यांच्याबरोबर बोर्डही पूजेला मांडला होता. तुझ्या गुळगुळीत कागदावर कुंकू टिकेना, म्हणून अण्णांनी तो नखाने खरवडून काढला आणि चिपवर बोट टेकवलं. मग हार घालून बोर्ड देवाच्या फोटोशेजारी उघड्या खिडकीत ठेवला, गिऱ्हाईक येईपर्यंत देवाची नजर राहू दे म्हणाले. तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. कुंकू वाळून झडलं, ऊन मात्र रोज येत राहिलं. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला त्यातलं काही कळलं नाही. वर तुलाच दटावलं.

काल केबिनचं दार लावून अण्णांना सगळं सांगितलं. चारचौघांत बोलायचं नव्हतं. तर ते म्हणतात, रामदास, तू देवाधर्माचा माणूस, आणि पूजेनं मशीन बिघडलं म्हणतोस? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी देवाला बोल लावला नव्हता, नखाला लावला होता. चुकलेल्या माणसानं देवाच्या मागे लपावं आणि माझ्या मुलीला पुढे करावं? कोकणातल्या शाळेत चार यत्ता शिकलो, पण असला देव मला कोणी शिकवला नाही.

तुला विचारलं ते विसर. विसरता आलं नाही तर दिवाळीला येऊन भांड, आईने चकलीची भाजणी केली आहे.

बाबा

पुणे,
२४ ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

माझं एक ऐका. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू नका. नाव माझं खराब झालंय, ते मी बघेन. पुण्यात शिकवण्याची नोकरी आहेच. संपानंतर तुम्ही गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला उठून, आंघोळ करून, कपडे घालून खाटेवर बसून राहायचात. मला ते पुन्हा बघायचं नाही. अण्णांना हवं ते म्हणू द्या. पायावर डोकं ठेवते, एवढी माया करा.

नलू

लालबाग,
२७ ऑक्टोबर

चि. नलूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर पोचलं. काल गप्प राहीन असं ठरवूनच निघालो, फूलही वाहिलं.

तुझी चिप बसवली. सूत तोडताच यंत्र जागच्या जागी थांबलं. इचलकरंजीवाले खूश झाले. प्रोग्रॅम कोणाचा असं त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, आधी एका शिकाऊ मुलीकडे दिला होता, तिला जमलं नाही, मग आम्हीच नीट करून घेतला. तरीही मी गप्प होतो. ते लोक चहाला वळले तसे अण्णा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, चिपवरचा नावाचा कागद काढ, आपल्या कंपनीचा लाव.

पुन्हा तोच कागद काढायचा, आणि या वेळी माझ्या नखाने.

मी चहाच्या टेबलापाशी गेलो. पहिली चिप का बिघडली, तो कागद कोणी काढला आणि दोन्ही चिपा कोणी भरल्या, ते तुझं पूर्ण नाव घेऊन सांगितलं. लवू या वेळी हसला नाही. अण्णा म्हणाले, देवाच्या फोटोसमोर माफी माग. मी फोटोला नमस्कार केला, अण्णांना केला नाही.

संपाच्या वेळी सगळे बाहेर पडले म्हणून मीही पडलो होतो. काल एकटाच पडलो. तुझं ऐकलं नाही, म्हणून तू चिडशील. चीड. पण वडाळ्याच्या त्या जागेची वाट आता तू बघू नकोस, तुझी आईही बघणार नाही. पोटमाळा मात्र तुझाच आहे.

कागद मी काढला नाही. कमरेची कारखान्याची किल्ली काढली आणि अण्णांच्या टेबलावर ठेवून आलो.

तुझा,
बाबा