दुपारच्या मॅडम

१ नोव्हेंबर २००६, सकाळी ९.३०

स्त्रीचं नेतृत्व तयार व्हायला नेमके किती दिवस लागतात? मला उत्तर येत नाही. संस्थेच्या फॉर्मवर तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून ‘तीन महिने’ लिहिलं.

यंदा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असतं, त्यामुळे संस्था फार येतात. कोणी शेळ्या वाटतं, कोणी शिलाई मशीन. महागावच्या वाट्याला दोन कॉम्प्युटर आले. अट एकच. ३१ जानेवारीला दहा बायका परीक्षा पास झाल्या तर केंद्र कायम आणि मी केंद्रप्रमुख. नाहीतर कॉम्प्युटर उमरखेडला.

दहा म्हणजे काहीच नाही. मी पन्नास धरल्या आहेत.

माझी पात्रता: घरातली पहिली ग्रॅज्युएट. कॉम्प्युटर विषयात फर्स्ट क्लास. माझं प्रॅक्टिकलचं जर्नल इतकं सुबक की सर ते मुलांना दाखवायचे.

जागा घराला लागूनच, अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाची पुढची खोली. अब्बा म्हणाले, कशफ को साथ ले ले बेटा. कशफ माझी धाकटी बहीण. वीस वर्षांची, दहावी नापास, दिवसभर अब्बांबरोबर मोटारी बांधते. मी म्हटलं, तिला टेक्निकल काही येत नाही. कशफने नुकतीच बांधलेली पाच एचपीची मोटार अब्बांनी चालू करून बघितली आणि बंद केली.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

२ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

अलार्म वाजला नाही. कशफ म्हणते वाजला, आणि मी घड्याळ उशीखाली दाबलं. काहीही बोलते.

६ नोव्हेंबर

उद्घाटन. तेवीस बायका! ‘यंत्राला घाबरू नका’ या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. कॉम्प्युटर उघडून दाखवायचे राहिले. अम्मीने त्यांच्यासाठी फुलांचे अभ्रे शिवलेत, ते इतके घट्ट आहेत की काढायला वेळ लागतो.

समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिवपदासाठी नावं मागितली तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या, म्हणून तेही मीच. स्त्रियांमध्ये पुढे येण्याचं धाडस नाही, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं.

तानाबाई नावाच्या एक आहेत, पन्नाशीच्या. कापूस वेचणाऱ्या बावीस बायकांची टोळी त्यांची. कोण कोणाच्या शेतात जाईल, कोणाचं किती किलो भरलं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांनी विचारलं, मॅडम, हे चालू कधी होते? म्हटलं, आधी मनाची तयारी. त्या म्हणाल्या, मन तं तयारच हाय, म्हणून तं आलो.

नेतृत्वगुण कसे रुजवावेत, यावर तानाबाईंसाठी वेगळा तास घ्यावा लागेल.

१३ नोव्हेंबर

वेळापत्रक लावलं: दुपारी बारा ते दोन. कशफ म्हणाली, आपा, दस से पाँच तो लाइटच नहीं रहती, आणि बायका वेचणीला जातात. मी सांगितलं की फॉर्मवर तीच वेळ लिहिली आहे, संस्थेला शिस्त लागते. शिवाय सकाळचं वाचन असतं माझं.

हजेरी: सात. लाइट नाही. कॉम्प्युटरच्या पिढ्या शिकवल्या.

१७ नोव्हेंबर

हजेरी: चार. पिढ्या पुन्हा घेतल्या. पाया पक्का हवा.

२३ नोव्हेंबर

हजेरी: एक. शेजारची खुशी, पहिलीतली, तिच्या आईने सांभाळायला ठेवली होती. तिला धरत नाही.

तानाबाईंना रस्त्यात गाठलं. बायकांना शिक्षणापासून तोडू नका, असं जरा कडक बोलले. त्या म्हणाल्या, मॅडम, कापूस काय तुमच्या टाइमटेबलाची वाट पाहून राह्यला काय? मागून कोणीतरी हसलं. उत्तर तयार होतं, पण घरी आल्यावर सुचलं.

बाईच बाईच्या प्रगतीच्या आड येते. याच्यावर लेख लिहिणे.

२ डिसेंबर

शेजारचे शेतकरी बबनराव भाऊ आले. कापसाची खरेदी अजून सुरू झालेली नाही, घर छतापर्यंत भरलं आहे. म्हणाले, तुमच्या खोलीत तशीही जागा रिकामीच हाय पोरी. थोडा ठेवू दे. ‘तशीही रिकामीच’ मला आवडलं नाही, पण लोकसहभाग म्हणून परवानगी दिली.

आता खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात कापूस आहे. पुढच्या अर्ध्यात फलक, टेबल आणि अभ्रे. दिसतं छान.

१९ डिसेंबर

महत्त्वाचा निर्णय: प्रत्यक्ष काम सुरू. संध्याकाळी लाइट आल्यावर कशफला पहिला कॉम्प्युटर चालू करायला सांगितलं. मी दारात उभी राहून मार्गदर्शन केलं. घरघर आवाज, जळका वास, बंद. दुसरा चालूच झाला नाही.

पुसदच्या कलीमभाईंना फोन केला, ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. म्हणाले, उद्या येतो.

तोवर कोणी हात लावायचा नाही. अशा कामाला जाणता माणूस लागतो. कशफ म्हणाली, आपा, खोलून बघू? चार स्क्रू तर आहेत. मी ओरडले. मोटार वेगळी, कॉम्प्युटर वेगळा.

२६ डिसेंबर

कलीमभाई उद्या येणार आहेत.

३० डिसेंबर

कलीमभाई ईद झाल्यावर नक्की येणार आहेत. ‘मुलींनो, साधनांवर ताबा मिळवा’ हा लेख पूर्ण केला. अक्षर चांगलं आलं आहे.

५ जानेवारी २००७

तीन दिवस पुसदला कार्यशाळेत होते. विषय ‘तंत्रज्ञान आणि महिला नेतृत्व’. पाच वक्ते, सगळे सर. जेवण चांगलं. बराच आत्मविश्वास घेऊन परत आले.

घरी दोन्ही कॉम्प्युटर चालू!

आत पंख्यात बबनराव भाऊंच्या कापसाची रुई गच्च बसली होती. कशफने ब्लोअरने उडवली, दुसऱ्याची सैल झालेली वायर बसवली. अम्मीचे अभ्रे फेकले, त्यांच्यामुळे आत हवा जात नव्हती म्हणे. बबनराव भाऊंना सांगून कापूसही मागच्या शेडमध्ये हलवला. अध्यक्षांना न विचारता! समजुतीने घेतलं.

६ जानेवारी

तानाबाई घरी आल्या. माझ्याकडे नाही, कशफकडे. म्हणाल्या, दव सुकल्याबिगर कापसाले हात लागत नाही. नवापर्यंत आमी मोकळ्याच. सहाले लाइट असते. उघड माय दुकान.

सकाळी सहा! मी तत्त्वतः मान्यता दिली.

८ जानेवारी, सकाळी ९.१५

सहाच्या बॅचला अकरा जणी आल्या होत्या असं कळलं.

११ जानेवारी

आज नक्की जाणार होते. थंडी फार. गोधडीतून कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता, मध्येच मोठ्याने हसणं. तानाबाई ओरडत होत्या, काहून दाबून राह्यली दोनदोनदा, तुले एकदा सांगतलं नं! टोळीचं वजन कॉम्प्युटरमध्ये टाकताहेत, नाव एकीकडे, किलो एकीकडे, खाली बेरीज आपोआप. हे अभ्यासक्रमात नाही.

नेत्याने स्वतः सगळीकडे असायचं नसतं. दुसऱ्यांना जागा द्यायची असते. मी ती देत आहे.

२४ जानेवारी

परीक्षेला आठवडा. ‘केंद्राची वाटचाल’ हा अहवाल लिहिला, सोळा पानं. कशफचा उल्लेख पान पंधरावर, ‘इतर सहकार्य’ मध्ये.

३१ जानेवारी, दुपारी ३

संस्थेच्या कोकिळाताई यवतमाळहून सकाळी सहालाच हजर. मीही सहाला उठले, म्हणजे उठवली गेले.

अकराच्या अकरा जणी पास.

कोकिळाताईंनी विचारलं, केंद्र चालवतं कोण? मी ओढणी सारखी करून उभी राहिले. बायकांनी कशफकडे बघितलं. मग तानाबाई समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, ह्या मॅडम बी चांगल्या हायेत ताई. ह्या दुपारच्या मॅडम हायेत.

सगळ्या हसल्या. कोकिळाताईसुद्धा. मग त्या मला म्हणाल्या, बसा ना अतिया, तुम्हीही एक पत्र टाइप करून दाखवा, सहज.

बसले. दोन ओळींच्या पत्राला किती वेळ लागला ते लिहीत नाही. ‘क’ कुठे आहे ते मागे उभ्या असलेल्या, टोळीतल्या मानीबाईने बोट दाखवून सांगितलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली आहे.

१ फेब्रुवारी

एक गोष्ट कुठेच लिहिली नव्हती, इथेसुद्धा नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये सहा कॉम्प्युटर होते आणि पोरं चाळीस. मुलगे खुर्चीवर बसायचे, आम्ही मुली मागे उभ्या राहून पडद्यावरचं उतरवून घ्यायचो. सर म्हणायचे, मुलींचं अक्षर चांगलं असतं, जर्नल त्या लिहितील. तीन वर्षं. कीबोर्डवर बोट ठेवायची पाळी कधी आली नाही आणि मी मागितली नाही. फर्स्ट क्लास मिळाला.

कशफला हे सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, तो आपा, इसलिए हाथ नहीं लगाने देती थी? मग म्हणाली, मुझे तो लगा तू मेरे को गँवार समझती.

समजत होते.

२ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

कायम मंजुरीचा फॉर्म भरला. केंद्रप्रमुख: तानाबाई. प्रशिक्षक: कशफ शब्बीर. तानाबाईंनी सही केली, मग मला म्हणाल्या, अन् तुमचं काय मॅडम?

माझं झालं होतं. पहाटे जाऊन सहाच्या बॅचच्या हजेरीत बाराव्या नंबरावर नाव लिहिलं, अकरा जणींच्या मागे बसले. पावणेसातला माझी पाळी आली तेव्हा पुढे जाऊन खुर्चीवर बसले.