मार्थाबाईंच्या प्रार्थनेत माझा होकार

रविवार, रात्रीच्या जेवणाआधी

आज वसईवरून नातीची, सुनंदाची, होणारी सासू आली. मार्थाबाई. किरिस्ताव माणसं, आमच्या पोरीचं तिथं जमेल का, हेच मला लागून राहिलं होतं. दुपारी भाकरी मात्र आवडीनं खाल्ली बाईनं.

दिवेलागणीला त्या हातात माळ घेऊन, डोळे मिटून म्हणायला लागल्या, "आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्या पित्यावर मी विश्वास ठेवते." जरा थांबल्या, तर माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा." गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो तेव्हा जन्मभर हेच म्हणत आले, जीभ थोडीच थांबते? पुढच्या ओळीला परत, "व्हय म्हाराजा." सुनंदा कुजबुजली, "आजी, गप गो." मला वाटलं, मोडलं लगीन.

पण बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "आजी, आमच्यातही सुरुवातीला असंच होतं. धर्मात येणाऱ्या नव्या माणसाला बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उभं करून विचारायचे, मानतोस का? तो म्हणायचा, मानतो. त्यातूनच हे बोल जुळले. पुढं देवाला कसं मानायचं यावरून वाद झाले, तेव्हा चर्चच्या थोरल्यांनी बसून शब्द पक्के केले."

"मग आता कोण इचारतं?"

"कोणी नाही. पण एकटीनं म्हटलं तरी आधीची सगळी माणसं सोबत उभी वाटतात."

हे पटलं मला. माझी सासू जाऊन किती वर्सं झाली, तरी गाऱ्हाण्याला शेजारीच असते की.

बाई म्हणतात, लग्नाला तुमचा गुरव आणा, 'व्हय म्हाराजा' आम्ही वसईकर म्हणू. सुनंदाच्या बापाला सांगून आले, गाडी मोठी ठरव, गुरवालाही न्यायचंय.